घरचा केर आणि बाजारची पिशवी

घरातील केराचा विचार बहुधा तो घराबाहेर टाकावयाच्या वेळी होतो. सकाळी सफाईची गाडी गल्लीच्या तोंडाशी येते, तिचा आवाज कानी पडतो, घरातील कोणीतरी टोपली उचलून लगबगीने खाली जाते आणि टोपली रिकामी झाली म्हणजे त्या दिवसापुरते कर्तव्य संपले असे समजले जाते. परंतु टोपलीत काय पडावयाचे, हे त्याच्या कित्येक दिवस आधी वाण्याच्या दुकानात ठरून गेलेले असते. बिस्किटांचा पुडा घेतला, की त्याचे वेष्टन त्याच घटकेस विकत घेतले जाते. पावशेर मिरच्यांबरोबर एक पातळ पिशवी येते, औषधाच्या बाटलीबरोबर पुठ्ठ्याचा डबा येतो. बाजारातून येणाऱ्या प्रत्येक जिनसेचा काही भाग केर होण्यासाठीच घरात शिरतो आणि त्याची किंमतही गिऱ्हाइकानेच मोजलेली असते. ही साधी गोष्ट ध्यानात आली, म्हणजे निसर्गास जपणारी गृहव्यवस्था कोणती ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

टोपली रिकामी झाल्याने केर नाहीसा होत नाही. ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण येथे पुरी लागू पडते. मुंबईतील देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आली आणि शहराच्या कित्येक पिढ्यांचा केर तेथे साठत गेला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे मोठी आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत राहिली, धुराचे लोट शहरभर पसरले, उपग्रहावरून घेतलेल्या छायाचित्रांतही ते दिसले आणि आसपासच्या शाळा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याजवळ उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी तर शहराचा केर आपल्या दाराशी का, असा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला आणि त्यासाठी आंदोलने केली. त्यांची तक्रार दुर्गंधीपुरती नव्हती. विहिरींचे पाणी बिघडले, हे त्यांचे मुख्य दुःख होते. शहरातील स्वयंपाकघर आणि त्या विहिरी ह्यांच्यातील संबंध नीट समजून घेण्यासारखा आहे.

भारतीय शहरांतील घरगुती केरात सुमारे निम्मा भाग ओल्या पदार्थांचा असतो. भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न, चहाचा चोथा, देवावरचे निर्माल्य ह्या सर्व वस्तू मातीतून आलेल्या व मातीत मिळून जाणाऱ्या. मग त्यांचा त्रास तो काय, असे कोणासही वाटेल. त्रास वस्तूंचा नाही, त्या कोंडल्या जातात त्याचा आहे. केळीची साल झाडाच्या बुंध्याशी पडली, तर हवेत जगणारे सूक्ष्म जीव तिची माती करतात. तीच साल पिशवीत गाठ मारून डोंगराएवढ्या ढिगाखाली गाडली गेली, की तिला हवा मिळत नाही. मग तेथे हवेवाचून जगणारे निराळ्या जातीचे सूक्ष्म जीव कामास लागतात आणि ते मिथेन नावाचा वायू निर्माण करतात. हा वायू पेट घेणारा आहे. कचराभूमीला आगी लागतात व त्या लवकर विझत नाहीत, ह्याचे एक मोठे कारण तोच होय. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने वातावरण तापविण्याची त्याची शक्ती, वजनास वजन धरले असता, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. त्या सडलेल्या ढिगातून जे काळे पाणी झिरपते, ते खालच्या थरांत उतरून भूजलापर्यंत पोचू शकते. म्हणजे धूर आणि बिघडलेल्या विहिरी ह्या दोहोंच्याही मुळाशी, इतर कारणांबरोबर, घरोघरच्या केळीच्या साली आहेत.

ह्यावरून एक निष्कर्ष निघतो. प्लास्टिक डोळ्यांत खुपते म्हणून सारे लक्ष तिकडे जाते. परंतु कुटुंबास जे पहिले काम हाती घेता येईल ते ओला केर वेगळा ठेवण्याचे आहे. २०१६ साली केंद्र सरकारने केलेल्या घनकचऱ्याच्या नियमांनी प्रत्येक घरावर ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे ठेवण्याचे बंधन घातले. नियम झाला तरी तो पाळण्याची जागा स्वयंपाकघरातील ओट्याखालीच आहे, आणि तेथे पोलीस जाऊ शकत नाही.

ज्यांच्या घरास गॅलरी, गच्ची किंवा खिडकीचा रुंद कठडा आहे, त्यांस ओला केर घराबाहेर पाठविण्याचेही विशेष कारण नाही. तळाशी व बाजूंना भोके पाडलेली मातीची मोठी कुंडी किंवा गळका माठ एवढे साहित्य पुरते. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा वाळक्या काटक्या पसराव्या, म्हणजे पाणी साचत नाही व खालून हवा खेळते. त्यावर रोजचा ओला केर बारीक चिरून घालावा आणि प्रत्येक थरावर तितकाच किंवा त्याहून थोडा अधिक वाळका पालापाचोळा अथवा भुसा घालावा. खत करणाऱ्या सूक्ष्म जीवांस ओल्या केरातून नत्र मिळतो व वाळक्या पाल्यातून कर्ब मिळतो. दोन्हींचा मेळ बसला म्हणजे काम सुरळीत चालते. चार-आठ दिवसांनी एकदा ढवळले, की हवा आत जाते. दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत व पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारख्या वासाचे खत तयार होते.

पुष्कळ कुटुंबे हा प्रयोग उत्साहाने आरंभतात आणि दुर्गंधी व किडे ह्यांस कंटाळून पंधरा दिवसांत सोडून देतात. दुर्गंधी येणे ह्याचा अर्थ एवढाच, की कुंडीत पाणी फार व हवा थोडी झाली आहे, म्हणजे कचराभूमीत घडणारी क्रिया लहान प्रमाणावर तेथे सुरू झाली आहे. अशा वेळी वाळका पाला अधिक घालून ढवळले असता वास बहुधा थांबतो. तेलकट रस्सा, मांस-मासळीचे अवशेष घरगुती कुंडीत न घालणे बरे; त्यांनी उंदीर-घुशी येतात. चहाचा चोथा साखर निघून जाईल असा धुऊन घालावा, नाही तर मुंग्या लागतात. नारळाची करवंटी व आंब्याची कोय कुजावयास फार काळ घेतात, म्हणून त्या वेगळ्या काढाव्या. एवढी पथ्ये सांभाळली, तर चार माणसांच्या घरास दोन-तीन कुंड्या आळीपाळीने पुरतात. ज्यांस हे शक्य नाही, त्यांनी निदान ओला केर निराळ्या डब्यात, पिशवीची गाठ न मारता, गाडीवाल्याच्या स्वाधीन करावा.

ओला केर वेगळा झाला, की सुका केर आपोआप स्वच्छ राहतो आणि येथे प्रश्नाला एक निराळेच, माणुसकीचे अंग येते. १९९३ साली पुण्यातील कचरावेचकांनी आपली संघटना बांधली. तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिने पुणे महानगरपालिकेशी घरोघरचा केर गोळा करण्याचा करार केला. ह्या कामात मोठा वाटा स्त्रियांचा आहे. त्यांची मिळकत दोन ठिकाणांहून येते. एक, घराघराने द्यावयाचे मासिक शुल्क आणि दुसरे, त्या केरातून निवडून विकलेला माल. वर्तमानपत्राचा कोरडा कागद हा माल आहे. त्यावर कालची आमटी सांडली, की तोच कागद केर होतो. घरात दोन डबे ठेवण्याचा कंटाळा केला, तर त्याची किंमत त्या बाईच्या रोजच्या कमाईतून वजा होते. इतकेच नव्हे, तर आमटीत भिजलेल्या त्या ढिगातून काच व पत्रा शोधण्यास तिला हात घालावा लागतो. फुटलेला पेला वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा ठेवला नसेल, तर तो हाताला लागतो. दाढीचे पाते, सुई, मुदत संपलेली औषधे, निकामी विजेऱ्या, पाऱ्याचा फुटका तापमापक ह्या वस्तू कोणत्याही डब्यात मोकळ्या टाकणे म्हणजे आपल्या घरचे संकट दुसऱ्याच्या हाती देणे होय. स्त्रियांच्या पाळीच्या दिवसांतील कापूसपट्ट्या व लहान मुलांचे लंगोट कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत पुण्यात प्रचारात आली, ती ह्याच विचाराने. ठिपका दिसला, की ती पुडी उघडून पाहण्याचे कारण उरत नाही. एका लाल ठिपक्याने एका माणसाची विटंबना टळते.

त्या संघटनेचे नाव वाचता वाचता खरेदीची एक कसोटीही सापडते. कागद, काच आणि पत्रा ही त्या वस्तूंची नावे होत, ज्यांना टाकून दिल्यावरही बाजारात किंमत असते. तेव्हा दुकानात वस्तू हाती घेतली असता एक प्रश्न मनाशी विचारावा: हिचे काम संपल्यावर ही रद्दीवाला किंवा भंगारवाला घेईल काय? ह्या प्रश्नास शास्त्राच्या पुस्तकांची जरुरी नाही. वर्तमानपत्र, पुठ्ठा, काचेची बाटली, पोलादी डबा, ॲल्युमिनियमचे भांडे, पाण्याची पारदर्शक बाटली, जाड प्लास्टिकची बादली ह्यांस गिऱ्हाईक आहे, म्हणून त्यांच्या पुन्हा वस्तू होतात. चकचकीत वेष्टनातील बटाट्याचे काप, एका वेळेपुरती शांपूची पुडी, थर्माकोलची ताटली ह्यांस गिऱ्हाईक नाही. चकचकीत वेष्टनात प्लास्टिकचे व धातूचे पातळ थर एकमेकांस घट्ट चिकटविलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही. थर्माकोल इतका हलका व जागा अडविणारा, की त्याच्या वाहतुकीचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा अधिक होतो. प्लास्टिकच्या वस्तूवर त्रिकोणात एखादा आकडा कोरलेला असतो. त्यामुळे वस्तू पुनःपुन्हा वापरात येते असा समज पसरला आहे, तो खरा नव्हे. तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. तिला पुढे कोणी घेईल की नाही, हे तो सांगत नाही.

दुधाच्या पिशवीचे उदाहरण ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. ही पिशवी धुऊन वाळविली, तर भंगारवाला आनंदाने घेतो. परंतु ती उघडताना कोपरा कातरून टाकला, तर तो नखाएवढा तुकडा कोणीच वेचीत नाही. तो मोरीतून गटारात आणि गटारातून ओढ्यात जातो. कातरीने अर्धवट चीर द्यावी व कोपरा पिशवीलाच लटकत ठेवावा, इतक्या साध्या सवयीने तो तुकडा पिशवीबरोबर भंगारात जातो. ह्या सवयीस पैसा लागत नाही आणि वेळही लागत नाही.

पातळ पिशव्यांचा प्रश्न मात्र सवयीवर सोडून भागला नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत झालेल्या प्रलयकारी पावसात पाणी तुंबण्याच्या कारणांत गटारांत अडकलेल्या पिशव्यांचीही गणना झाली. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या ताटवाट्या ह्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या कित्येक प्लास्टिक वस्तू देशभर निषिद्ध झाल्या. तथापि भाजीबाजारात पिशवी मागणारे गिऱ्हाईक आहे तोवर ती चोरून देणारा दुकानदारही असणार. तेव्हा कापडी पिशवी जवळ बाळगणे हा मार्ग उरतो, आणि येथे थोडे सावध राहिले पाहिजे.

कापडी पिशवी घेतली म्हणजे निसर्गाचे ऋण फिटले, असे नाही. कापसास पाणी, खत व जमीन लागते. सूतकताई, विणकाम, रंगाई ह्यांस इंधन लागते. इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा हिशेब निघाला, की एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी तापमानवाढीच्या बाबतीत बरोबरी करावयास सुती पिशवी सुमारे १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्याच्या बाजारास एकदा ती नेली, तर अडीच वर्षे झाली. प्लास्टिक पाण्यात व मातीत वर्षानुवर्षे तसेच राहते, ही गोष्ट त्या आकड्यात आलेली नाही, हे खरे. म्हणून कापडी पिशवीचा पक्ष लंगडा पडत नाही. परंतु समारंभात भेट मिळालेल्या व दुकानांनी आपले नाव छापून वाटलेल्या पंधरा नव्या कापडी पिशव्या खुंटीला टांगून ठेवणाऱ्या घराने निसर्गाचे काही हित केले आहे, असे म्हणता येणार नाही. वस्तू कशाची केली आहे ह्याहून ती किती वेळा वापरली, हा प्रश्न मोठा आहे.

हे तत्त्व मराठी घरास नवे नाही. जुन्या लुगड्याची किंवा चादरीची शिवलेली पिशवी घ्या. तिच्यासाठी नवा कापूस पिकला नाही, नवे सूत विणले गेले नाही; तिच्या बाबतीत १३१ चा हिशेब मांडावयाचेच कारण नाही. विटलेल्या लुगड्यांची व धोतरांची गोधडी होई, गोधडी विरली म्हणजे तिचे पायपुसणे होई. चांगल्या स्थितीतील जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडे घेत. पितळी पातेल्याची कल्हई उडाली, तर पातेले टाकीत नसत, कल्हईवाल्यास बोलावीत. आणि गव्हाचा डबा घेऊन गिरणीत जाणे व त्याच डब्यात पीठ घेऊन परत येणे, ही तर वेष्टनावाचून चालणारी खरेदी होय. आज परदेशांत ‘आपला डबा आणा’ अशी पाटी लावून दुकाने काढली जातात. महाराष्ट्रातील पिठाच्या गिरणीत अशी पाटी लावण्याची गरजच कधी पडली नाही.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा हेतू येथे नाही. त्या काटकसरीत दारिद्र्याचा वाटा मोठा होता, आणि जाते, पाटा-वरवंटा, धुणे-भांडी ह्यांचे सारे कष्ट स्त्रियांच्या पाठीवर होते. ते दिवस परत यावे असे कोणी म्हणणार नाही. घ्यावयाचे ते एवढेच, की वस्तूचा एक उपयोग संपला म्हणजे दुसरा शोधावा आणि दुसरा संपला म्हणजे ती योग्य हाती द्यावी.

नव्या काळाने एक नवा मोह आणला आहे. वस्तूच्या वेष्टनावर हिरवे पान काढावे आणि ‘निसर्गस्नेही’ असा शब्द छापावा, म्हणजे गिऱ्हाईक समाधानाने चार पैसे अधिक देते. अशा मोघम दाव्यांस आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. दावा करणाऱ्याने त्यास पुरावा द्यावा, असा त्यांचा आशय आहे. गिऱ्हाइकानेही तोच पुरावा मागावयास शिकले पाहिजे. ‘कुजणारी पिशवी’ म्हणून जी विकली जाते, तिच्या पुष्कळ जाती मोठ्या खतप्रकल्पातील उष्णतेतच नीट कुजतात. रस्त्याच्या कडेस किंवा गॅलरीतल्या कुंडीत त्या बराच काळ तशाच राहू शकतात. त्याचप्रमाणे घरातील चांगले प्लास्टिकचे डबे फेकून देऊन त्यांच्या जागी पोलादाचे नवे डबे आणणे ह्यात निसर्गाचे हित नाही. असलेले डबे डाळी-तांदूळ साठवावयास वापरावे व ते फुटल्यावर पोलादाचा विचार करावा.

जी वस्तू वर्षानुवर्षे वीज किंवा पाणी खाणार, तेथे मात्र नवी वस्तू घेणे कधी कधी हिताचे ठरते. ६० वॉटचा जुना तारेचा दिवा रोज पाच तास जळला, तर महिन्यास ९ युनिटे वीज लागते. तितकाच उजेड देणाऱ्या ९ वॉटच्या एलईडी दिव्यास सव्वा ते दीड युनिट पुरते. येथे जुना दिवा फुटेपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही. २००६ पासून विजेच्या उपकरणांवर ताऱ्यांची चिठ्ठी लागू लागली. ती वाचताना तारे मोजून थांबू नये. ताऱ्यांचे निकष काळानुसार कडक होत जातात, म्हणून जुन्या सालातील पाच तारे व नव्या सालातील पाच तारे सारखे नसतात. चिठ्ठीवर वर्षाकाठी लागणाऱ्या युनिटांचा आकडा व साल छापलेले असते, ते पाहावे.

पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची गोष्ट ह्याच जातीची आहे. ज्या यंत्रात पाणी दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून काढतात, त्यांतील पुष्कळ घरगुती यंत्रे एक लिटर गोड पाणी देताना सुमारे तीन लिटर पाणी बाहेर सोडतात. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी खारट असेल, तर ह्या यंत्रास इलाज नाही. परंतु राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली असे मत दिले, की ज्या पाण्यात विरघळलेले क्षार दर लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत, तेथे हे यंत्र वापरू देऊ नये. मुंबईसारख्या शहरास तलावांचे गोडे पाणी मिळते. तेथे हे यंत्र घेण्यापूर्वी पाण्याची तपासणी करून घ्यावी. साधी गाळणी व उकळणे एवढ्याने काम भागत असेल, तर पैसा व पाणी दोन्ही वाचतात. यंत्र घरात असेलच, तर त्याची टाकाऊ पाण्याची नळी बादलीत सोडावी. ते पाणी लादी पुसावयास व संडासात ओतावयास चालते.

इंधनाच्या बाबतीत स्वयंपाकघरातील एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. पाणी उकळू लागले, की पुढे कितीही मोठा जाळ केला तरी ते अधिक तापत नाही. जास्तीच्या उष्णतेची फक्त वाफ होते. भातास उकळी फुटताच आच मंद केली व झाकण ठेवले, तर भात शिजण्यास विशेष उशीर होत नाही आणि गॅस वाचतो. दाबाच्या कुकरात वाफ कोंडल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून डाळ लवकर शिजते. ती आधी भिजत घातली असेल, तर आणखी लवकर.

आणि शिजविलेले सारे खाल्ले गेले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण शाखेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले व त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून गेले. टाकलेल्या प्रत्येक घासाबरोबर शेतातले पाणी, खत, वाहतूक, इंधन आणि कोणाचे तरी श्रम टाकले जातात. उरलेल्या पोळीचा फोडणीचा कुस्करा करणारी गृहिणी ही गोष्ट आकडे न वाचता जाणून होती. भात मात्र फार वेळ उघड्यावर ठेवून मग फोडणीस टाकू नये; निवताच तो थंड जागी ठेवावा. अन्न वाचविण्याच्या भरात प्रकृती घालविणे शहाणपणाचे नव्हे. त्याहून चांगला उपाय म्हणजे बाजारास जाण्यापूर्वी भाजीची टोपली पाहून यादी करणे. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली आणि सुकून टाकलेली मेथीची जुडी सर्वांत महाग होय.

एवढे सांगून झाल्यावर दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली ही, की ह्या साऱ्या व्यवस्थेचा भार एकट्या गृहिणीवर टाकला, तर ती टिकणार नाही. कुंडी ढवळणे, पिशव्या धुणे, यादी करणे, गिरणीत जाणे ही कामे वाढली आणि ती करणारे हात मात्र दोनच राहिले, तर महिन्याभरात सर्व काही पूर्ववत होते. पिशवी खिशात घालून बाजारास जाणे पुरुषास अवघड नाही आणि दुधाची पिशवी धुऊन दोरीवर टाकणे दहा वर्षांच्या मुलास जमते. दुसरी गोष्ट अशी, की कोणतेही भंगार ज्यास घेत नाही, असे वेष्टन बनविणारा कारखानदार आणि वेगळा केलेला केर एकाच गाडीत पुन्हा एकत्र ओतणारी नगरव्यवस्था ह्यांची जबाबदारी कुटुंबाच्या माथी मारता येणार नाही. वेष्टने परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर कायद्याने टाकली गेली आहे. तिची आठवण देणे हे नागरिकाचे काम आहे. परंतु जे घर आपला केर नीट वेगळा करते, त्याच घराच्या तक्रारीस गाडीपाशी वजन येते.

तेव्हा बाजारास निघताना यादीबरोबर चार प्रश्नही न्यावे. ही वस्तू खरोखर हवी आहे काय? हिचे काम करणारे काही घरात आहे काय? मोडली तर दुरुस्त होईल काय? आणि शेवटी ही कोण घेईल? चौथ्या प्रश्नाचे उत्तर दुकानात देणे सोपे असते. ते तेथे दिले नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीत हात घालणाऱ्या बाईस ते द्यावे लागते.